मजकूर सांभाळणारी बाई

भालेरावबाईंना कुणी "जरा शांत बसा" म्हटलं, की त्या खुर्ची पुढे ओढून नीट बसत आणि मग बोलायला सुरुवात करत. नगरच्या ज्या दैनिकात मी पंधरा वर्षं उपसंपादक म्हणून खर्डेघाशी केली, तिथल्या कात्रण विभागात त्या होत्या. विभाग कसला, जिन्याखालची खोली! एक टेबल, तीन लोखंडी रॅक आणि त्यांवर खाकी पाकिटांच्या रांगा. रोज आठ-दहा वर्तमानपत्रं वाचायची, कामाचं तेवढं कापायचं, तारीख घालायची आणि विषय ठरवून पाकिटात ठेवायचं. हे सगळं त्या एकट्या करत. हजेरीपत्रकात, म्हणजे आमच्या मस्टरवर, त्यांच्या नावापुढे पद लिहिलं होतं 'कारकून'. बाईंचं सगळं भांडण त्या एका शब्दाशी होतं.

बाई ठेंगण्या, रुंद खांद्यांच्या. सुती साडी, पदर कमरेला घट्ट खोचलेला आणि गळ्यात नाडीला बांधलेली कात्री. ती कात्री छातीवर हेलकावे खात आली की आमचे मालक-संपादक तात्या आपसूक दोन पावलं मागे सरत. बाई मूळच्या श्रीरामपूरजवळच्या बेलापूरच्या. मराठीत एम.ए. केलेलं. केडगावात दोन खोल्या भाड्याने घेऊन आईसोबत राहत. लग्न केलं नव्हतं आणि त्याबद्दल कुणी विचारलं तर "तुमचं झालंय, त्याचं काय ते सांगा," एवढंच म्हणत. लिहिताना त्यांची भाषा धुतल्यासारखी स्वच्छ. बोलताना मात्र अस्सल बेलापूर. एकदा कुणी तरी टोकलं, "एम.ए. झालेल्या बाईनं 'न्हाई' म्हणावं का?" बाई म्हणाल्या, "लिहायला विद्यापीठानं शिकिवलं, बोलायला आईनं. ज्याचं त्याला देते."

त्या नोकरीवर आल्या तो पहिला दिवस मला विसरता येत नाही. विसरलो असतो तर बरं झालं असतं. दुपारी किसन शिपायाने चहा आणला. आम्हा सगळ्यांना कपबशा आणि बाईंना खिडकीतला काचेचा ग्लास. तो ग्लास खिडकीत का असतो आणि कुणासाठी असतो, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. कुणीच बोललं नाही. मीही बोललो नाही, खाली मान घालून बशीतला चहा ओढत राहिलो. बाईंनी ग्लासाकडे पाहिलं, चहा प्यायल्या, ग्लास स्वतः विसळला आणि कामाला लागल्या. दुसऱ्या दिवशी त्या पिशवी घेऊन आल्या. पिशवीत स्टीलचे नऊ कप. प्रत्येकावर नाव घातलेलं : सु. भा. भालेराव, केडगाव. आमच्या कपबशा त्यांनी धुऊनपुसून कपाटात ठेवल्या, खिडकीतला ग्लास उचलून त्यात पेन्सिली उभ्या केल्या आणि किसनला सांगितलं, "आजपासून समद्यांचा चहा ह्यात." तात्यांनी कप हातात घेतला, नाव वाचलं आणि बराच वेळ तो फिरवत बसले. प्यायले मात्र. नंतर कित्येक वर्षं नगरला येणारा प्रत्येक आमदार, कारखान्याचा चेअरमन आणि वार्ताहर परिषदेचा पाहुणा भालेरावबाईंच्या नावाने चहा प्यायला.

त्यांची पाकिटं हा एक वेगळाच प्रकार होता. प्रत्येक पाकिटावर विषय आणि खाली 'पाहा' असं लिहून दुसऱ्या पाकिटांची नावं. 'दुष्काळ', पाहा : 'टँकर'. 'टँकर' काढलं तर त्यावर, पाहा : 'ठेका कुणाला'. ते काढलं की, पाहा : 'नातेवाईक'. आमच्या दैनिकाने जे कधी छापलं नाही, ते या 'पाहा'मधून आपोआप वाचता यायचं. एकदा एका पुढाऱ्याने पाथर्डीकडच्या गावांना पाणी देण्याची घोषणा केली आणि तात्यांनी आठ कॉलमी मथळा काढायला सांगितला. बाई वर आल्या आणि टेबलावर पाच कात्रणं ओळीने मांडली. तीच घोषणा, तोच पुढारी, पाच निवडणुका. "सहावी हाय ही. मथळा नवा कशाला जुळवता? जुनाच वापरा की," म्हणाल्या आणि खाली गेल्या. मथळा तीन कॉलमी झाला.

त्यांचं एक म्हणणं ठरलेलं असे. नव्या माणसाला त्या खोली दाखवत आणि सांगत, "मला सापडलं तर ती माझी हुशारी. तुमाला सापडलं तर ती व्यवस्था. मला हुशार व्हायचं न्हाई."

सत्त्याण्णव साली पाणलोटाच्या कामांवर अभ्यास करणारी एक अमेरिकन बाई आमच्या कचेरीत आली. तीन दिवस जिन्याखाली बसून होती. तिला मराठी वाचता येत असे. जाताना ती भालेरावबाईंना म्हणाली, तुम्ही करता त्याला आमच्याकडे कंटेंट मॅनेजमेंट म्हणतात. आता वर्तमानपत्रं कॉम्प्युटरवर जायला लागली आहेत, तर असं काम करणारी माणसं हवी आहेत. तुमच्यासारख्यांना तिकडे वर्षभर काम करत शिकता येतं. त्याचा वेगळा व्हिसा असतो, एक्स्चेंज व्हिजिटरचा. यायचं, शिकायचं, शिकवायचं आणि परत जायचं.

ती गेली, पण बाईंच्या डोक्यात ते बसलं. दुसऱ्या दिवशी रॅकवर नवं पाकीट आलं. 'अमेरिका', पाहा : 'मी'.

तेव्हा नगरमध्ये इंटरनेट म्हणजे नवलाई. दिल्लीगेटजवळ एका मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात, तांब्याच्या तारांच्या भेंडोळ्यांपलीकडे, पडदा लावून दोन कॉम्प्युटर ठेवले होते. बाहेर पाटी 'सायबर कॅफे'. बाई रोज कचेरी सुटली की तिथे जात. फोन लागायचा, मशीन किंचाळायचं, पान अर्धं उघडायचं आणि लाइन तुटायची. दुकानदार म्हणायचा, "बाई, उद्या या, आज लाइन जड हाय." बाई म्हणायच्या, "मी बी जडच हाय. लावा परत." त्यांनी शोधून काढलं ते असं : आधी आपल्याला कामाला घेणारी जागा स्वतःच मिळवायची, मग एका मध्यस्थ संस्थेकडून फॉर्म यायचा आणि तो फॉर्म घेऊन व्हिसासाठी मुंबईला जायचं. संस्थेला एक पत्र लागायचं, सध्याच्या मालकाचं. ही व्यक्ती हेच काम इतकी वर्षं करते आहे, असं सांगणारं. दुसऱ्याच कामातल्या माणसाला ते शिकाऊ म्हणून घेत नसत.

बाईंनी किती वर्तमानपत्रांना आणि ग्रंथालयांना लिहिलं त्याची गणती मी ठेवली नाही, त्यांनी ठेवली. उत्तरं छापून आणत आणि पाकिटांत लावत. 'नकार : सभ्य'. 'नकार : उद्धट'. 'नकार : न वाचता'. सगळ्यांत फुगलेलं पाकीट 'उत्तर नाही', त्यात त्या आपल्याच पत्राची प्रत तारीख घालून ठेवत. मी म्हटलं, "बाई, नकार कशाला जपता?" त्या म्हणाल्या, "नकार बी मजकूरच हाय, देशमाने. कोन कसं न्हाई म्हनतं, ह्याच्यावरून लई कळतं."

आठ महिन्यांनी होकार आला. तिकडच्या मध्यभागातल्या एका लहानशा गावाचं वर्तमानपत्र होतं. शंभर वर्षांचे अंक त्यांना कॉम्प्युटरवर लावायचे होते. राहायला खोली आणि पोटापुरतं देणार होते. बाईंच्या आईला, सोनाबाईंना, एक्स्चेंज म्हणजे काय ते मी समजावून सांगायला लागलो, तर म्हातारीने मला मध्येच थांबवलं. "म्हंजी सावड हाय की! आज मी तुझ्या रानात खुरपते, उद्या तू माझ्या रानात. येवढं सोपं, आन तुमी केवढं लांबण लावलं!"

आता राहिलं तात्यांचं पत्र. बाईंनी अमेरिकेहून आलेला कागद त्यांच्यापुढे ठेवला. तात्यांनी 'कंटेंट मॅनेजमेंट' वाचलं, ड्रॉवरमधून शब्दकोश काढला आणि चष्मा कपाळावर नेऊन म्हणाले, "कंटेंट म्हणजे समाधानी. समाधानी लोकांची व्यवस्था बघायची? वृद्धाश्रम आहे का काय तिकडे?" आम्ही सगळे हसलो. बाई हसल्या नाहीत. "कंटेंट म्हंजी मजकूर, तात्या," असं त्यांनी शांतपणे सांगितलं. पण तात्यांना शब्दकोशाची बाजू सोडवेना. त्यांनी इंग्रजीच्या एका निवृत्त प्राध्यापकांकडून छान लांबरुंद पत्र लिहून घेतलं, लेटरहेडवर टाइप केलं, सही ठोकली. बाईंनी ते सगळ्यांसमोर मराठी करून वाचलं. "कुमारी भालेराव या आमच्या कार्यालयात कारकून या पदावर असून, गेली अकरा वर्षे त्या अत्यंत समाधानी आहेत."



"तात्या, ह्या एका ओळीत दोन चुका हायेत. मी समाधानी न्हाई. आन मी कारकून न्हाई."

"अहो बाई, एका शब्दानं काय होतंय?"

"वर्तमानपत्राच्या मालकानं हे इचारावं?"

तात्या चिडले. म्हणाले, समाधानी हवं तर खोडतो, पण कारकून खोडणार नाही. मस्टरवर तेच आहे, खोटं कसं लिहू? बाई म्हणाल्या, मग मस्टर दुरुस्त करा. तात्या म्हणाले, तुमचं दुरुस्त केलं की उद्या किसनसुद्धा येईल. "येऊ द्या की. त्यो आल्याबिगर तुमची कचेरी उघडती का?" असं म्हणून बाईंनी पत्र चार घड्या करून त्यांच्याच टेबलावर ठेवलं. महिनाअखेरपर्यंत पत्र पोचलं नाही तर फॉर्म येणार नव्हता. अकरा दिवस उरले होते. ते पत्र तसंच पाठवा, तिकडे कोण बघतंय, असं मी त्यांना दोनदा सांगितलं. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला आजही नको वाटते.

त्याच आठवड्यात जिल्ह्यातले सहकार क्षेत्रातले एक जुने पुढारी वारले. संध्याकाळपर्यंत पूर्ण पान मजकूर हवा होता. तात्यांनी जिन्यावरून हाक मारली, "बाई, साहेबांचं सगळं काढा!" बाई आवक-जावकची वही लिहीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आज कारकुनाचं काम चाललंय. पाकिटं उघडी हायेत, ज्याला वाचता येतं त्याला सापडतंय."

आता दंगा होणार असं मला वाटलं. पण तात्या खरोखरच खाली गेले. पहिलं पाकीट त्यांना पाच मिनिटांत सापडलं. 'सहकार', पाहा : 'कारखाना'. 'कारखाना', पाहा : 'ऊसतोड'. मग 'निवडणूक'. आणि 'निवडणूक'च्या पाकिटावर, पाहा : 'आमचे अग्रलेख'. त्या पाकिटात तात्यांचे स्वतःचे दोन अग्रलेख होते, चार महिन्यांच्या अंतराने लिहिलेले. पहिल्यात साहेब सहकाराचा गळा घोटणारे होते, दुसऱ्यात सहकारमहर्षी. दोन्हींच्या मध्ये साहेबांच्या कारखान्याची पानभर जाहिरात, तीही कापून, तारीख घालून ठेवलेली. बाईंनी त्यावर स्वतःचा एक शब्द लिहिला नव्हता.

तात्या फरशीवर बसले ते तासभर उठले नाहीत. उठले तेव्हा पायजमा धुळीने भरला होता.

"बाई, हे कुणाला दाखवलंय तुम्ही?"

"कुनी मागितलं न्हाई."

"मग ठेवलं कशाला?"

"मागंल म्हनून."

दुसऱ्या दिवशीच्या मृत्युलेखात 'महर्षी' हा शब्द नव्हता. आणि त्याच दुपारी तात्यांनी स्वतःच्या हाताने मराठीत पत्र लिहिलं. त्यातल्या दोन ओळी मला पाठ आहेत : "आमच्या दैनिकाचा मजकूर आम्ही छापतो आणि विसरतो. तो सांभाळण्याचे काम या बाई करतात, आणि ते काम आमच्या कामापेक्षा अवघड आहे." बाईंनी त्याचं इंग्रजी घरी बसून स्वतः केलं. प्राध्यापकांना व्याकरण तपासायला दिलं, पण कंटेंट या शब्दाला हात लावायचा नाही, अशी तंबी देऊन.

तिकिटासाठी बेलापूरच्या विहारात वर्गणी झाली. मुंबईला व्हिसाच्या मुलाखतीला मी सोबत गेलो होतो, म्हणजे बाहेर फुटपाथवर उभा होतो. बाई दोन तासांनी बाहेर आल्या आणि आधी पाणी मागितलं. मग म्हणाल्या, "साहेब म्हनला, जमीन न्हाई, नवरा न्हाई, बँकेत काय न्हाई. तुमी परत येताल कशावरनं? मी त्या दुभाष्या बाईला म्हनलं, ह्यांना सावड म्हंजी काय ते सांगा. तिला सांगता येईना, मुंबईची हुती. मग मीच सांगितलं, जमंल तशा इंग्लिशमधी. म्हनलं, दुसऱ्याच्या रानात खुरपायला गेलेली बाई तिथंच घर बांधून ऱ्हात न्हाई. तिच्या रानात गवत वाढलेलं असतं." व्हिसा मिळाला होता.

बाई गेल्या. त्या परत येणार नाहीत याबद्दल कचेरीत एकमत होतं, आणि खरं सांगायचं तर माझंही तेच मत होतं. फॉर्मवरची मुदत संपायच्या दोन दिवस आधी त्या परत आल्या. साडी तीच, पायात पांढरे बूट. अमेरिकेबद्दल फारसं बोलल्या नाहीत. "तिथं बी जिन्याखालचीच खोली हुती. पर लोक खाली येऊन इचारायचे, आज काय सापडलं?" एवढंच.

आणि मस्टर उघडलं, तर नावापुढे 'कारकून'.

त्या तात्यांकडे गेल्या. तात्यांची नजर टेबलावर. "ते पत्र तिकडच्यासाठी होतं, बाई. इथं वेगळं असतं." बाईंनी मस्टर ओढलं, 'कारकून' खोडलं, वर लिहिलं 'मजकूर व्यवस्थापक' आणि सही केली. दुसऱ्या दिवशी हिशेबनिसाने नवी पट्टी चिकटवून पुन्हा 'कारकून' लिहिलं. बाईंनी पुन्हा खोडलं. असं पंधरवडाभर चाललं. मग त्यांनी एक साधा अर्ज लिहिला, पद दुरुस्त करावं म्हणून, आणि आमच्या सह्यांसाठी फिरवला. पहिली सही किसनने केली, वेड्यावाकड्या अक्षरात. माझ्याकडे कागद आला तेव्हा मी म्हणालो, "बघू."

"बघू," बाई म्हणाल्या. "लई कामाचा शब्द हाय, देशमाने. ह्याचं एक पाकीट करायला पायजे हुतं." आणि कागद घेऊन गेल्या. महिन्याच्या शेवटी त्यांनी राजीनामा दिला. एकही पाकीट सोबत नेलं नाही. मी सही का केली नाही याची बरीच कारणं तेव्हा माझ्याकडे होती. आज एकही सापडत नाही, फक्त लाज सापडते.

दोन-तीन महिन्यांनी मला पुण्यात नोकरी लागली. सामान घेऊन एसटीत बसलो होतो. केडगावात पुढे ट्रकची काही तरी भानगड झाली आणि गाडी रस्त्याच्या कडेला थांबली. खिडकीतून पाहतो तर समोर एका शटरचा गाळा, शिडीवर पेंटर आणि खाली कमरेवर हात ठेवून भालेरावबाई. पाटीवर ठसठशीत अक्षरं : मजकूर व्यवस्थापन.

पेंटर वरून म्हणत होता, "बाई, खाली 'झेरॉक्स, टायपिंग' टाकू का? लोकांना कळायचं न्हाई."

"न कळू दे. इचारतील."

आणि खरंच, एक म्हातारा येऊन विचारायला उभा होता. हातात फुगलेली प्लॅस्टिकची पिशवी. "हितं काय मिळतं, बाई?"

"मिळत काय न्हाई. तुमच्यापाशी हाय ते नीट लावून देते."

म्हाताऱ्याने पिशवीच पुढे केली. पेन्शनचे अर्ज होते त्यात, कित्येक वर्षांचे, एकमेकांत कोंबलेले. तो सांगत होता की हा साहेब त्या साहेबाकडे धाडतो, तो परत ह्याच्याकडे. "त्यांच्या कागदावर मी बिगारी हाय. पर मी चोवीस वर्सं पानीपुरवठ्याचा पंप चालिवला. एकट्यानं. कुनालाबी इचारा."

 बाईंनी आतून खुर्ची आणली, त्याला बसवलं, टेबलावरचं कोरं खाकी पाकीट पुढे ओढलं आणि नाव विचारून घेतलं. मी हाक मारायला तोंड उघडलं, पण गाडी सुरू झाली होती. शेवटचं ऐकू आलं ते म्हाताऱ्याचं चाचरत विचारणं, "आन पदापुढं काय लिवताय? बिगारीच लिवावं लागंल ना?"

"काय म्हनून?" बाईंचा आवाज रस्त्यापलीकडे गेला. "पंपचालक लिहिते."